धुराची सावली फुकटात मिळत नाही



आज पिकाची नोंद नाही, भांडण आहे. गेलं वर्षभर एकच बोलणं कानावर येतंय. मेळाव्यात ऐकलं, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं, चहाला आलेल्या शिकल्यासवरल्या पाहुण्याकडूनही ऐकलं. बोलणं असं: "धुरामुळं पृथ्वी थंड राहते. चिमण्या साफ केल्या तर उन्हाळा वाढेल. म्हणजे धूर शेतकऱ्याच्या फायद्याचाच." पुरावा विचारला तर म्हणतात, "हवामानाची मॉडेलंच सांगतात तसं."

दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणतात, "मॉडेल म्हणजे थोतांड. उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, पन्नास वर्षांनंतरचं काय सांगणार?"

दोन्ही बोलण्यांत नुकसान आपलंच आहे, मावळातल्या भातवाल्याचं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. कृषी विभागातले, विद्यापीठातले लोकही हे पान वाचतात. त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण शेवटच्या मागण्या त्यांच्याकडेच आहेत.

आधी खरं काय ते मान्य करू

धूर ऊन अडवतो, हे खरं आहे. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांना शास्त्रज्ञ एरोसोल म्हणतात. कोळशाच्या चिमणीतून गंधकाचा वायू निघतो, त्यापासून हवेत सल्फेटचे कण तयार होतात. डिझेलची आणि चुलीची काजळी, खडी क्रशरची धूळ, समुद्रावरून येणारं मीठ, हे सगळे एरोसोलच. पण सगळ्यांचा गुण सारखा नाही. सल्फेटचे कण ऊन परत आकाशात फेकतात. काजळी ऊन स्वतः पिते, वरची हवा तापवते आणि खाली जमिनीवर सावली पाडते.

१९९१ साली फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. त्याच्या गंधकाचे कण फार उंचावर जाऊन जगभर पसरले आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशानं उतरलं. तेव्हा कणांमुळं थंडावा येतो, यात वाद नाही.

वाद आहे तो किती, यावर. आयपीसीसीचा सहावा अहवाल २०२१ साली आला. त्याप्रमाणे १७५० ते २०१९ या काळात कार्बन डायऑक्साइड, मिथेन वगैरे हरितगृह वायूंनी दर चौरस मीटरला साधारण ३.३ वॅट इतका उष्णतेचा भार वाढवला. एरोसोलनी त्यातला साधारण १.१ वॅट झाकून ठेवला. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा.

आता या आकड्यांच्या मागे-पुढे किती फरक धरलाय तो बघा. हरितगृह वायूंचा आकडा ३.० ते ३.६ च्या मध्ये आहे, बऱ्यापैकी पक्का. एरोसोलचा आकडा मात्र ०.४ ते १.७ यांच्या मध्ये कुठंही असू शकतो. चौपटीहून जास्त फरक! व्यापारी म्हणाला, "तुझ्या भाताला क्विंटलला चारशेपासून सतराशेपर्यंत काहीतरी मिळेल," तर त्या भावावर कोणी कर्ज काढेल का? आणि इथं त्याच आकड्यावर धोरणं ठरवायला निघालेत.

मॉडेलला मावळ कसा दिसतो

हा आकडा एवढा ढिला का, ते समजून घ्यायला मॉडेल काय करतं ते बघावं लागतं.

हवामान बदलाचं मॉडेल सगळ्या पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात तापमान, वारा, बाष्प यांचा एकेक आकडा ठेवतं. जगातल्या बहुतेक मॉडेलांत या चौकोनाची बाजू शंभर किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी असते. आपल्या पाषाणच्या आयआयटीएमनं देशातलं असं पहिलं मॉडेल बनवलं, ते आयपीसीसीच्या सहाव्या अहवालाच्या कामात सामील झालं. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण त्यातल्या हवेचा चौकोनही साधारण दोनशे किलोमीटरचा. अशा एका चौकोनात मुंबईचा किनारा, कोकण, बोरघाट, आपला मावळ, पुणे आणि पार दौंडपर्यंतचा कोरडा पट्टा बसू शकतो. एकाच आकड्यात!

आपल्याला माहितीय की लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि तीसेक किलोमीटरवर तळेगावात येईस्तोवर तो तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जातो. पवन मावळात एक पाऊस, आंदर मावळात दुसरा. मॉडेलमध्ये एवढा मोठा सह्याद्री चेपून बुटका होतो. मग त्याच्या माथ्यावर ढग कसा अडतो, हे त्याला कुठून कळणार?

आता ढगाच्या आत चला. ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा. तो कणावर धरतो. कण जास्त झाले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक होतात, ढग जास्त पांढरा दिसतो आणि जास्त ऊन परत फेकतो. हे टूमी नावाच्या शास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात मांडलं. बारीक थेंब एकमेकांना लवकर मिळत नाहीत, म्हणून उथळ ढगातून पाऊस पडायला उशीर होतो. एरोसोलच्या थंडाव्याचा मोठा हिस्सा या ढगांच्या वाटेनं येतो. आणि शंभर किलोमीटरच्या चौकोनात हा थेंब दिसतच नाही! त्याच्यासाठी अंदाजाचं सूत्र घालावं लागतं. प्रत्येक गटाचं सूत्र वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं.

शिवाय कित्येक मॉडेलं धूर स्वतः तयार करतच नाहीत. त्यांना तो बाहेरून तयार दिला जातो. अशी एक पद्धत आहे जिच्यात अख्ख्या जगाचा माणसानं केलेला धूर फक्त नऊ मोठ्या पट्ट्यांत मांडलेला असतो. जी मॉडेलं धूर स्वतः मोजतात, त्यांना उत्सर्जनाची यादी लागते, आणि यादी चुकली की उत्तर चुकतं. हे घडलेलं आहे. चीननं गंधकाचा धूर झपाट्यानं कमी केला, भारताचा वाढत राहिला. पण सहाव्या अहवालासाठी मॉडेलांना दिलेल्या यादीत चीनची ती घट नीट उतरलीच नव्हती. त्यामुळं आशियावरच्या धुराचं चित्र मॉडेलांत वेगळं आणि उपग्रहाला दिसलेलं वेगळं, हे २०२१ साली शास्त्रज्ञांनीच छापून सांगितलं.

एक घोळ इथंच मिटवतो. उद्या-परवाच्या पावसाचा अंदाज देणारं मॉडेल वेगळं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या चौकोनावर चालते. तिचा अंदाज चुकला म्हणून हवामान बदलाच्या मॉडेलला शिव्या देणं म्हणजे ट्रॅक्टर बंद पडला म्हणून विहिरीच्या मोटारीला लाथ मारणं.

सावलीची किंमत पावसात मोजली जाते

आता मूळ मुद्दा. शेडनेट आपल्याला माहीत आहे. आत गारवा असतो, रोपाला बरं वाटतं. पण समजा कोणी ती शेडनेट समुद्रावर अंथरली तर?

आपला पाऊस समुद्राची वाफ आणि जमीन-समुद्राच्या तापमानातला फरक, या दोन गोष्टींवर चालतो. सावली पडली की वाफ कमी होते. जमिनीवर सावली दाट असली की जमीन कमी तापते, समुद्राशी फरक कमी होतो आणि मोसमी वाऱ्याचा जोर घटतो. धुराचा थंडावा जो मोजतो, त्यानं हा खर्चही मोजला पाहिजे.

हे माझ्या पदरचं नाही. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये हिंदी महासागरावर विमानं, जहाजं, उपग्रह लावून इंडोएक्स नावाची मोठी मोहीम झाली. व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे त्यातले पुढारी शास्त्रज्ञ. दक्षिण आशियावरून समुद्रावर पसरलेला तपकिरी धुराचा थर त्यांनी मोजला. आयआयटीएमच्याच पद्मा कुमारी आणि सहकाऱ्यांनी देशातल्या १२ केंद्रांच्या नोंदी तपासल्या. १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोचणारं ऊन दर वर्षी सरासरी ०.८६ वॅटनं घटत गेलेलं दिसलं. २०११ साली बोलासिना आणि सहकाऱ्यांनी मॉडेलवर दाखवलं की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आशियातला पाऊस घटला, त्यात माणसाच्या एरोसोलचा मोठा वाटा आहे.

मग २०२० साली केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा अहवाल आला, तयार केला आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं. त्यात म्हटलंय: १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस साधारण ६ टक्क्यांनी घटला, आणि घट ठळक कुठं, तर गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. पश्चिम घाट म्हणजे आपण, मंडळी. हरितगृह वायूंमुळं जो पाऊस वाढायला हवा होता, तो एरोसोलनी बऱ्याच अंशी खाऊन टाकला, असा त्या अहवालाचा सूर आहे.

२०२० च्या टाळेबंदीत धूर एकदम खाली आला, तेव्हा आयआयटीएमच्या सुवर्णा फडणवीस आणि सहकाऱ्यांनी मॉडेलवर पाहिलं की एवढ्या घटीनं काय होतं. उत्तर आलं: जमिनीवरचं ऊन वाढतं, मोसमी वारा बळावतो, देशाचा पाऊस साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. एका वर्षाच्या हिशोबावर मी छाती ठोकून बोलणार नाही, पण दिशा तीच आहे.

इथं एक खबरदारी. याचा अर्थ चाकणच्या धुरानं जुलैत लोणावळ्याचा पाऊस पळवला, असा कोणी काढला तर तेही चूक. जुलैत आपल्याकडं वारा समुद्राकडून येतो, मुंबई-पनवेल-खोपोलीवरून घाट चढतो, आणि एवढा पाऊस हवा धुऊन काढतो. आपलं नुकसान होतं ते मोठ्या वाऱ्याच्या चालीतून, अख्ख्या उपखंडावरच्या धुरानं. मावळावरचा धूर दिसतो तो पाऊस सरल्यावर, जेव्हा वारा जमिनीकडून येतो. दिवाळीनंतर सकाळी कार्ल्याच्या डोंगरावरून खाली बघा, ते सगळं धुकं नसतं.

दिवसा सावली, रात्री गोधडी

आता भातापुरतं बोलू. धूर आणि हरितगृह वायू एकमेकांना काटतात, म्हणून हिशोब शून्य, असं समजणाऱ्यानं भात लावलेला नसतो.

धुराची सावली फक्त दिवसा असते, कारण ऊनच दिवसा असतं. हरितगृह वायूंची गोधडी चोवीस तास असते आणि रात्री जास्त जाणवते. वजाबाकी केली की सरासरी तापमान ठीक दिसतं. पण पिकाच्या वाट्याला येतो दिवसा उजेड कमी आणि रात्री ऊब जास्त. आपला इंद्रायणी निसवतो सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला. दाणा भरायचा तो ऑक्टोबरच्या उन्हावर. भाताला उजेडाची सगळ्यात जास्त गरज पोटरीपासून दाणा पक्व होईपर्यंत असते. आणि रात्र गरम असली की रोप दिवसा कमावलेलं रात्री श्वासात उडवतं. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, त्यांच्याच शेतावरच्या नोंदींवरून २००४ साली दिसलं की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंशानं वाढलं की उत्पादन साधारण १० टक्क्यांनी घटतं. २००६ साली ऑफहॅमर, रामनाथन आणि व्हिन्सेंट यांनी भारताच्या भाताचे आकडे तपासले. धूर आणि हरितगृह वायू, दोन्हींनी उत्पादन खाल्लंय, एकानं दुसऱ्याची भरपाई केलेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष.

कृषी शास्त्रज्ञ म्हणतील, थोड्या धुरकट हवेत उजेड पसरून येतो आणि खालच्या पानांनाही मिळतो. बरोबर आहे, काही जंगलांत-पिकांत त्याचा फायदा दिसलाय. पण एकूण उजेड घटत गेला की तो फायदा संपतो. तळेगावच्या गुलाबवाल्यांना विचारा. पॉलिहाऊसच्या पेपरवर धूळ बसली की ते पेपर धुतात, कारण उजेड गेला की फूल गेलं, हे त्यांना कळतं. भातखाचरावरचा पेपर कोण धुणार?

चिमण्यांचा निर्णय

हे सगळं आत्ताच का लिहितोय? केंद्रानं डिसेंबर २०१५ मध्ये कोळशाच्या वीज केंद्रांना गंधकाचा वायू रोखायचे नियम घातले. यंत्र बसवायचं होतं दोन वर्षांत. मुदत वाढत वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या साधारण ७८ टक्के संचांना त्या यंत्रातून सूटच मिळाली. कारणं दिली गेली: आपल्या कोळशात गंधक कमी, यंत्राचा खर्च फार, वीज महागेल, यंत्र चालवायला जादा कोळसा लागेल. ही कारणं तपासता येतात, त्यावर वाद घालता येतो. खर्चाचा मुद्दा मी फेटाळत नाही, कृषिपंपाचं बिल आपल्यालाही माहीत आहे.

पण त्या चर्चेत हळूच एक वाक्य घुसलं: सल्फेट थंडावा देतं, मग काढायचं कशाला? माझं भांडण याच वाक्याशी आहे. पहिलं म्हणजे, चिमणीपाशी हवा ठीक मोजली म्हणून विषय संपत नाही. गंधकाचा वायू वाटेत सल्फेटचा कण होतो आणि शेकडो किलोमीटर जातो. दुसरं, थंडाव्याचा आकडा चौपटीनं ढिला आहे, तो धोरणाला टेकू म्हणून लावायचा आणि पावसाची घट मात्र "अजून नक्की नाही" म्हणून बाजूला ठेवायची, हा कुठला न्याय? दोन्ही उत्तरं एकाच प्रकारच्या मॉडेलांतून येतात. घ्यायची तर दोन्ही घ्या. तिसरं, हा कण माणसाच्या छातीत जातो. चंद्रपूर, कोराडी, एकलहरे इथल्या माणसांनी खोकत बसायचं ते आपल्याला गारवा मिळावा म्हणून? असा गारवा मावळाला नको.

"मॉडेल थोतांड" म्हणणाऱ्यांना

आकडा ढिला आहे, म्हणजे धोका कमी आहे, असं होत नाही. उलटं बघा. धुरानं कमी उष्णता झाकली असेल तर ठीक. पण १.७ वॅट झाकली असेल, तर हरितगृह वायूंची खरी धग आपण अजून पाहिलेलीच नाही.

आणि धूर टिकतो किती? आठवडा, फार तर दोन. पावसात त्याआधीच धुतला जातो. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं राहतो. सावली टिकवायची तर दर आठवड्याला नवा धूर सोडत राहावं लागेल, आणि खाली गोधडी जाड होतच राहील. सावकाराचं व्याज फेडायला दुसऱ्या सावकाराकडं जाण्यातला हा प्रकार. कधीतरी धूर थांबवावाच लागणार. जेवढा उशीर, तेवढं उघडं पडणारं ऊन जास्त.

मग मॉडेलांतून घ्यायचं काय? सहाव्या अहवालात एक वाट स्पष्ट दिलीय: धूर साफ केल्यानं जी उष्णता उघडी पडेल, ती मिथेन लवकर कमी करून बरीच आवरता येते. मिथेन म्हटलं की बोट लगेच आपल्या खाचराकडं वळतं. वळू द्या. पण कोळशाच्या खाणी, तेल-गॅसच्या गळत्या आणि शहरांचे कचरा डेपो यांचा हिशोब आधी मांडा. घाटमाथ्याच्या पावसात खाचराचं पाणी आळीपाळीनं सोडणं कागदावर सोपं असतं.

काजळीचंही तसंच. ती सावली पाडते आणि हवाही तापवते, म्हणजे दोन्हीकडून तोटा. ती आधी काढायला कुठल्याच मॉडेलचा विरोध नाही. घाटात पहिल्या गिअरवर चढणारे ट्रक, वीटभट्ट्या, चुली, आणि हो, आपलं राब भाजणं नि उसाचं पाचट पेटवणंही यात आलं. राब वर्षातून चार दिवस, द्रुतगती मार्ग बारा महिने, हे खरं. पण गादीवाफ्यावर रोप चांगलं येतं आणि पाचट कुजवलं तर जमिनीलाच मिळतं, तेव्हा तिथं हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मागण्या

१. वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी वाण आला. त्याच केंद्राच्या नावानं मावळातला रोजचा सूर्यप्रकाश आणि रात्रीचं किमान तापमान पोटरीपासून कापणीपर्यंत जाहीर व्हावं, आणि दाण्याच्या वजनाशी ताडून बघावं.

२. महावेधच्या केंद्रांवरून महसूल मंडळाचा पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मिळतो. त्यात ऊन मोजणारं साधन जोडा. विमा आणि सल्ला, दोन्हीला लागेल.

३. ढग आणि कण मोजायला आयआयटीएमची महाबळेश्वरला प्रयोगशाळा आहे. तसंच मोजमाप बोरघाटाच्या माथ्यावर, खालून येणाऱ्या हवेत, सलग काही वर्षं व्हावं. मॉडेलचं सूत्र सुधारतं ते अशा मोजणीनं.

४. हवामान बदलाचा तालुकावार आराखडा कोणी मांडला, तर मॉडेलचा चौकोन किती मोठा होता आणि एरोसोल कसे धरले होते, हे पहिल्याच पानावर लिहा. नाहीतर तो आराखडा मावळाचा नाही, मुंबई ते दौंडच्या सरासरीचा आहे.

५. आणि आपण. येत्या हंगामात निसवल्याची तारीख, धुरकट दिवस, रात्रीचं किमान तापमान आणि पोचट दाण्याचं प्रमाण, एवढं वहीत लिहा. चार गावांच्या वह्या जमल्या की वडगावला घेऊन जाऊ. पुढच्या वेळी कोणी म्हणालं, "धूर तुमच्या फायद्याचा," तर वही पुढं करता येईल.